वाळा : एका लहान भूमिगत सापाचे स्वरूप, सवयी आणि ओळख

प्रस्तावना

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की मोरीच्या कडेला, न्हाणीघराच्या फरशीवर, अंगणातील कुंडीखाली किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात काळसर रंगाचा, चकचकीत, जाड दोऱ्यासारखा एक प्राणी वळवळताना दिसतो. कोणी त्याला गांडूळ समजून दुर्लक्ष करतो, तर कोणी विषारी सापाचे पिल्लू समजून झाडू किंवा चप्पल उचलतो. प्रत्यक्षात हा प्राणी गांडूळ नसतो आणि कोणाचे पिल्लूही नसतो. तो पूर्ण वाढ झालेला साप असतो. मराठीत त्याला ‘वाळा’ असे म्हणतात.

सापांविषयीच्या आपल्या सर्वसाधारण कल्पना नाग, मण्यार, घोणस, फुरसे, अजगर आणि धामण यांच्यावरून तयार झालेल्या आहेत. फणा, विष, लांबी, वेग आणि नजर या गुणांनी साप ओळखला जातो. वाळ्याकडे यांपैकी एकही गुण नाही. त्याला फणा नाही, विष नाही, स्पष्ट दृष्टी नाही, मोठे भक्ष्य गिळण्याजोगे तोंड नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या जातीत नरसुद्धा नाही. असे असूनही जगातील सर्वाधिक विस्तृत प्रदेशात पसरलेला साप म्हणून आज याच जातीचे नाव घेतले जाते. वरवर उणिवा वाटणारी ही वैशिष्ट्येच वाळ्याच्या यशाची साधने कशी ठरली, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा मुख्य हेतू आहे.

या हेतूला व्यवहारातील एक बाजूही आहे. २००० ते २०१९ या कालखंडात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासात मांडला गेला आहे. त्यामुळे सापाची भीती निराधार आहे असे कोणीही म्हणणार नाही. मात्र भीतीला ओळखीची जोड नसेल, तर दोन्ही बाजूंनी हानी होते. निरुपद्रवी प्राणी विनाकारण मारला जातो आणि ‘हा तर साधा वाळा’ असे समजून विषारी सापाचे लहान पिल्लू हातात घेतले जाण्याचाही संभव असतो. म्हणून वाळ्याची नेमकी ओळख ही केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरती मर्यादित बाब नाही.

नाव आणि वर्गीकरण

मराठीत ‘वाळा’ या शब्दाला तीन अर्थ आहेत : उन्हाळ्यात माठात टाकली जाणारी सुगंधी मुळी, लहान मुलाच्या पायातील दागिना आणि हा साप. मुळीसारखा बारीक आणि दागिन्यासारखा गोल वळणारा असा या प्राण्याचा देह पाहिला, म्हणजे हे नाव त्याला किती चपखल बसते हे लक्षात येते.

या सापाची शास्त्रीय नोंद भारतातच झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेले स्कॉटिश वैद्य व निसर्ग अभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा आपला सचित्र ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध केला. विशाखापट्टणम परिसरातील या लहान सापाचे वर्णन त्यांनी तेलुगू लोकांच्या तोंडी असलेल्या नावानेच दिले. त्या नावाचा अर्थ ‘दोन डोक्यांचा साप’ असा होतो. आपल्याकडेही मांडुळाला ‘दुतोंड्या’ म्हणतात. डोके व शेपूट सारखेच बोथट दिसले की तो साप दोन तोंडांचा ठरवावयाचा, ही लोकदृष्टी दोन्ही भाषांत सारखीच दिसते.

रसेल यांच्या वर्णनाच्या आधारे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्स्वा दोदँ यांनी १८०३ मध्ये या सापाला ‘एरिक्स ब्रामिनस’ असे शास्त्रीय नाव दिले. एरिक्स ही मांडुळाची प्रजाती होय. म्हणजे शास्त्रज्ञांनीही आरंभी वाळ्याला मांडुळाचा सोयराच मानले होते. पुढे शरीररचनेचा अभ्यास वाढला, तसा तो अंध सापांच्या ‘टिफ्लॉप्स’ या प्रजातीत गेला. ‘टिफ्लॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘आंधळा’ असा आहे. त्यानंतर ‘रॅम्फोटिफ्लॉप्स’ व २०१४ मध्ये ‘इंडोटिफ्लॉप्स’ अशी प्रजातीची नावे बदलत गेली. ‘ब्रामिनस’ हे जातिवाचक नाव मात्र दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकून राहिले आहे.

टिफ्लॉपिडी या कुलात आज अडीचशेहून अधिक जाती गणल्या जातात. महाराष्ट्रात आढळणारा ‘चंचुवाळा’ हा याच कुलातला. त्याच्या मुस्कटाचे टोक चोचीसारखे पुढे आलेले असते आणि तो सुमारे ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. या थोरल्या भावंडाशेजारी आपला नेहमीचा वाळा अगदीच किरकोळ दिसतो.

बाह्य स्वरूप

वाळ्याची लांबी साधारणपणे १२ ते १७ सेंटीमीटर असते. जाडी बॉलपेनमधील रिफिलीपेक्षा किंचितच अधिक भरते. रंग काळा, गर्द तपकिरी किंवा जांभळट तपकिरी असून पोटाकडील बाजू थोडी फिकट असते. मुस्कटाचे टोक, गळा आणि शेपटीचे टोक पुष्कळदा पांढुरके दिसते. कात टाकण्यापूर्वी अंगाला निळसर राखाडी छटा येते आणि तेव्हा तो वेगळ्याच जातीचा साप आहे की काय असा भास होतो.

शरीर आरंभापासून शेवटापर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचे असते. डोके व धड यांच्यामध्ये मान अशी दिसत नाही. शेपूट अत्यंत आखूड, म्हणजे जितके रुंद जवळपास तितकेच लांब असते आणि त्याच्या टोकाला एक बारीक काटा असतो. हा काटा विषारी नाही. मातीत पुढे सरकताना मागून आधार घेण्यासाठी तो उपयोगी पडतो. वाळा हातात धरल्यास तो हाच काटा त्वचेवर टोचू पाहतो. ‘हा साप शेपटीने चावतो’ हा समज त्यातूनच रूढ झाला असावा.

ओळखीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे लक्षण खवल्यांचे आहे. बहुतेक सापांच्या पोटावर आडवे, रुंद खवले असतात. त्यांच्या कडा जमिनीला अडकवून साप पुढे सरकतो. वाळ्याच्या अंगावर मात्र पाठीपासून पोटापर्यंत सर्वत्र एकसारखे, गुळगुळीत, एकमेकांवर घट्ट बसलेले गोलसर खवले असतात. शरीराभोवती त्यांच्या २० रांगा मोजता येतात. पोटाचे वेगळे खवले नसल्यामुळे गुळगुळीत फरशीवर वाळ्याची तारांबळ उडते. तो जागच्या जागी वळवळतो आणि पाहणाऱ्याला तो चवताळला आहे असे वाटते. वास्तविक तो केवळ पकड शोधत असतो. हाच साप सैल मातीवर सोडला तर काही क्षणांत दिसेनासा होतो.

भूमिगत जीवनाची साधने

जमिनीखाली राहणाऱ्या प्राण्यापुढे प्रश्न निराळे असतात. तेथे प्रकाश नसतो, हालचालीला जागा नसते आणि डोळ्यांत माती जाण्याचा सततचा धोका असतो. वाळ्याचे डोळे म्हणजे डोक्यावरील पारभासक खवल्यांखाली झाकलेले दोन काळे ठिपके होत. त्यांना वस्तूची आकृती दिसत नाही. उजेड व अंधार यांतील फरक तेवढा कळतो. वाळ्याला तेवढेच पुरेसे आहे. उजेड जाणवला की खाली जावयाचे, हा त्याचा जीवनक्रम होय. ज्या अवयवाचा उपयोग थोडा आणि इजा होण्याचा संभव अधिक, तो लहान होऊन खवल्याआड जाणे हे दुबळेपणाचे लक्षण न मानता काटकसरीचे मानले पाहिजे.

दृष्टीची जागा गंधाने घेतली आहे. वाळा आपली इवलीशी जीभ वारंवार बाहेर काढतो. जिभेला चिकटलेले गंधकण टाळूतील विशेष ज्ञानेंद्रियापर्यंत पोहोचतात व त्यावरून त्याला मुंग्यांचा किंवा वाळवीचा ठावठिकाणा समजतो. मुंग्या चालताना जमिनीवर रासायनिक माग सोडतात. अंध सापांच्या दुसऱ्या एका कुलातील अमेरिकन जातीवर झालेल्या प्रयोगांत हे साप असा माग काढत थेट वारुळापर्यंत जातात, असे दिसून आले आहे.

कवटीची घडण तर विशेष लक्षणीय आहे. मोठे भक्ष्य गिळणाऱ्या सापांच्या कवटीतील हाडे सैल जोडलेली असतात, म्हणून त्यांचा जबडा विलक्षण ताणला जातो. वाळ्याच्या कवटीत मात्र पुढची हाडे घट्ट एकवटलेली असतात, कारण त्याला डोक्याचाच पहारीसारखा उपयोग करावयाचा असतो. मुस्कट पुढे आलेले आणि तोंड खालच्या बाजूस असल्याने खणताना तोंडात माती शिरत नाही. अर्थात प्रत्येक वेळी तो स्वतः बीळ खोदतोच असे नाही. ‘आयत्या बिळात नागोबा’ ही म्हण नागाला उद्देशून असली, तरी मुंग्या आणि वाळवी यांच्या तयार भुयारांतून हिंडणाऱ्या वाळ्याला ती अधिक शोभते.

आहार आणि भक्षणाची पद्धत

वाळ्याचे मुख्य अन्न म्हणजे मुंग्या व वाळवी, त्यांची अंडी, अळ्या आणि कोश. मोठ्या सापांची रीत अशी, की एखादे मोठे भक्ष्य गिळावे आणि मग बरेच दिवस स्वस्थ पडून राहावे. वाळ्याच्या अरुंद तोंडाला हे शक्य नाही. तो लहान घास, पण एका बैठकीत पुष्कळ, या पद्धतीने जेवतो. वारुळात शिरल्यावर तेथे जितका वेळ कमी घालवावा तितके बरे, कारण चवताळलेल्या मुंग्या चारी बाजूंनी तुटून पडतात.

यासाठी या कुलातील सापांच्या जबड्यात एक खास योजना आढळते. त्यांच्या खालच्या जबड्यात दात नसतात. वरच्या जबड्याची दात असलेली हाडे मात्र सुटी असून ती वेगाने पुढे-मागे फिरतात. दाताळ्याने गवत ओढावे त्याप्रमाणे अळ्या व कोश एकामागून एक तोंडात ओढले जातात. गुळगुळीत व घट्ट खवल्यांचे चिलखत मुंग्यांच्या चाव्यांपासून शरीराचा बचाव करते.

जपानमध्ये वाळ्याच्या याच जातीवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक अनपेक्षित सवय उघड झाली. वाळवीचा कीटक पोटाच्या बाजूने गिळत आणल्यावर हा साप पुष्कळदा त्याचे बाहेर उरलेले डोके जमिनीवर घासून तोडून टाकतो आणि उरलेला भाग तेवढा गिळतो. वाळवीचे डोके कठीण असते व ते नीट पचत नाही. न तोडता गिळलेली डोकी विष्ठेतून तशीच बाहेर पडतात. सापाने भक्ष्य सबंधच गिळावे असा सर्वसाधारण नियम पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो. त्या नियमाला हा बोटभर साप अपवाद ठरतो.

वाळवीमुळे घरातील लाकूडकाम, ग्रंथालयातील पुस्तके आणि शेतातील उभे पीक यांचे होणारे नुकसान सर्वपरिचित आहे. एकटा वाळा वाळवीचा बंदोबस्त करील असा दावा करणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु वाळवीच्या वाढीवर जी अनेक नैसर्गिक नियंत्रणे असतात त्यांतील एक वाळा आहे, हे निश्चित. त्याच वेळी तो स्वतः पक्षी, इतर साप व लहान सस्तन प्राणी यांचे भक्ष्य होतो. जमिनीखालच्या कीटकांतील ऊर्जा जमिनीवरच्या अन्नसाखळीत आणून सोडणारा तो एक दुवा आहे.

नराविना चालणारा वंश

वाळ्याचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य त्याच्या प्रजननात आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांतून गोळा केलेले या जातीचे नमुने तपासले असता ते सर्व माद्याच निघतात, हे अभ्यासकांच्या हळूहळू लक्षात येत गेले. ही जाती अनिषेकजननाने, म्हणजे नराच्या सहभागाविना वाढत असावी, असे अनुमान सॅम्युएल मॅकडॉवेल यांनी १९७४ मध्ये मांडले. रोनाल्ड नुसबाम यांनी १९८० मध्ये सेशेल्स बेटांवरील नमुन्यांच्या आधारे त्याला अधिक पुष्टी दिली. १९८७ मध्ये गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा या सापाच्या पेशीत गुणसूत्रांचे नेहमीप्रमाणे दोन संच नसून तीन संच असल्याचे दिसून आले. त्यांची एकूण संख्या ४२ आहे.

लैंगिक प्रजननात गुणसूत्रांचे दोन संच विभागले जाऊन अर्धा वाटा अंड्यात व अर्धा शुक्राणूत जातो. तीन संचांची अशी समान वाटणी होऊ शकत नाही. म्हणूनच त्रिगुणित गुणसूत्रे असणाऱ्या प्राण्यास नेहमीच्या पद्धतीने संतती होणे अवघड असते. वाळ्याने ही अडचण वाटणीच टाळून सोडविली आहे. मादीच्या अंड्यातून निषेचनाशिवाय पिल्लू तयार होते आणि ते आईची जनुकीय प्रतिकृती असते. अजगरासह काही सापांच्या माद्यांनी पिंजऱ्यात नराविना पिल्ले दिल्याची उदाहरणे आहेत, परंतु ते प्रसंगपरत्वे घडते. संपूर्ण जातीच केवळ माद्यांची असून हाच तिचा एकमेव मार्ग असल्याचे सापांत ज्ञात असलेले उदाहरण वाळ्याचेच आहे.

मादी एका वेळी साधारण २ ते ८ अंडी घालते. अंडी पांढरी, लांबट व तांदळाच्या मोठ्या दाण्यासारखी दिसतात. त्यांतून बाहेर पडणारी पिल्ले सुमारे ५ ते ६ सेंटीमीटर लांबीची असतात. ती जन्मापासूनच स्वतंत्र जीवन जगू लागतात.

अशा प्रजननाची किंमतही आहे. लैंगिक प्रजननामुळे प्रत्येक पिढीत गुणांची नवी जुळणी होते व बदलत्या परिस्थितीला, नव्या रोगाला तोंड देण्याची शक्यता वाढते. वाळ्याच्या वंशात ही अदलाबदल घडत नाही. तरीही या जातीने जो पल्ला गाठला आहे तो पाहता, तिच्या बाबतीत या पद्धतीच्या लाभाचे पारडे आजवर जड ठरले आहे असे म्हणावे लागते.

कुंडीतून जगप्रवास

वाळ्याची मूळ भूमी दक्षिण आशिया असल्याचे मानले जाते. आज तो आग्नेय आशिया, आफ्रिकेचा काही भाग, हिंदी महासागरातील बेटे, उत्तर ऑस्ट्रेलिया, प्रशांत महासागरातील बेटे, मेक्सिको आणि अमेरिकेतील फ्लोरिडा येथपर्यंत पोहोचला आहे. ज्या हवाई बेटांवर जमिनीवर राहणारा मूळचा एकही साप नाही, तेथे १९३० च्या दशकात त्याची नोंद झाली. फ्लोरिडात तो १९७० च्या दशकाच्या अखेरीस आढळला.

इतका लहान व अंध प्राणी समुद्र ओलांडून गेला कसा, या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या बागकामात आहे. शोभेची झाडे, फळझाडांची रोपे आणि त्यांच्या मुळांभोवतीची माती यांच्यासोबत वाळ्याने प्रवास केला. इंग्रजीत त्याला ‘फ्लॉवरपॉट स्नेक’ म्हणजे ‘कुंडीतला साप’ असे नाव पडले ते यामुळेच. येथे त्याच्या कथित उणिवांचा अर्थ उलगडतो. देह लहान असल्यामुळे तो मातीच्या गोळ्यात कोणाच्या नजरेस पडत नाही. डोळ्यांवाचून अडत नसल्यामुळे अंधारातील प्रवास त्याला जाचत नाही. मुंग्या व वाळवी जगाच्या उष्ण प्रदेशांत जवळजवळ सर्वत्र असल्यामुळे अन्नाची ददात पडत नाही. आणि जोडीदाराची आवश्यकता नसल्यामुळे कुंडीतून गेलेली एकच मादी, किंवा तिचे एखादे अंडेसुद्धा, नव्या भूमीवर वंश उभा करू शकते.

याच्या उलट उदाहरण आपल्या सह्याद्रीत आहे. खापरखवल्या या नावाने ओळखले जाणारे साप हेही जमिनीखालीच राहतात. त्यांच्या शेपटीचे टोक तासून काढल्यासारखे असून त्यावर खडबडीत खवले असतात. ते पिल्लांना जन्म देतात. हे कुल केवळ भारतीय द्वीपकल्प व श्रीलंका यांपुरते मर्यादित असून त्यातील अनेक जाती तर एखाद्या डोंगररांगेपलीकडे आढळत नाहीत. दोन्ही साप मातीतलेच. परंतु एकाने माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतले आणि दुसरा ओलसर अरण्यभूमीशी बांधलेला राहिला. म्हणून डोंगर कापला गेला तर खापरखवल्याची एखादी जातीच संकटात येऊ शकते. वाळ्याच्या बाबतीत जाती नष्ट होण्याची भीती नाही. त्याच्याबाबत प्रश्न आहे तो आपल्या अज्ञानाचा.

समज, गैरसमज आणि ओळख

वाळ्याविषयीचा सर्वांत प्रचलित समज असा, की तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो. पूर्वी जमिनीवर अंथरूण टाकून झोपण्याची पद्धत होती, घरे मातीची होती आणि पावसाळ्यात वाळा घरात येत असे. ही परिस्थिती लक्षात घेता अशी भीती का निर्माण झाली असावी, हे समजू शकते. परंतु वाळ्याला हवी असते ती ओलसर माती आणि मुंग्यांची अंडी. माणसाच्या कानात त्याला शोधण्यासारखे काहीही नसते. त्याचे तोंड इतके लहान असते, की माणसाच्या त्वचेचा चावा घेणे त्याला शक्य नाही, आणि विषग्रंथी त्याला नाहीतच. पकडल्यास तो सुटण्याची धडपड करतो, शेपटीचा काटा टेकवतो आणि दुर्गंधी स्राव सोडतो. त्याचा सारा प्रतिकार एवढ्यावर संपतो.

तो घरात येतो तो आक्रमणासाठी नव्हे. पावसाचे पाणी बिळांत शिरले की त्याला वर यावे लागते. मोऱ्या, सांडपाण्याच्या नळ्या व भिंतींच्या भेगा यांतून तो आत पोहोचतो. एरवी दिवसा मातीत दडून राहणारा हा प्राणी रात्री व पावसाळी हवेतच प्रामुख्याने दृष्टीस पडतो.

‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ या वाक्प्रचाराचा प्रत्यय वाळ्याच्या बाबतीत अक्षरशः येतो. ते टाळावयाचे असेल तर पुढील फरक ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल. गांडुळाचे अंग ओले, मऊ व वलयांकित असते आणि ते आकुंचन-प्रसरण पावत पुढे जाते. वाळ्याचे अंग कोरडे, चकचकीत व खवल्यांचे असते, तो नागमोडी सरकतो आणि जीभ बाहेर काढतो. देवगांडूळ हा उभयचर प्राणीही वाळ्यासारखा भासतो, परंतु त्याची त्वचा बुळबुळीत असते व तिच्यावर आडव्या वळ्या असतात.

विषारी सापांच्या पिल्लांपासून वाळा वेगळा ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. मण्याराचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हाच सामान्यतः पूर्ण वाढलेल्या वाळ्यापेक्षा लांब असते आणि त्याच्या काळ्या अंगावर पांढरे आडवे पट्टे असतात. फुरशाचे नवजात पिल्लू मात्र खरोखर बोटभर असते आणि ते जन्मतःच विषारी असते. त्याचे डोके मानेपासून वेगळे व रुंद दिसते, डोळे ठळक असतात, अंग खरखरीत असून त्यावर नक्षी असते आणि शेपूट निमुळते होत जाते. वाळ्याला मान नाही, ठळक डोळे नाहीत, नक्षी नाही आणि शेपूट बोथट आहे. या चार ‘नाहीं’पैकी एकाविषयीही शंका असेल, तर तो प्राणी हाताने मुळीच उचलू नये. सुरक्षित अंतर राखून जाणकार सर्पमित्रास बोलवावे. खात्रीने वाळाच असेल, तर त्याला कागदावर किंवा सुपलीत घेऊन बागेतील ओलसर मातीत सोडावे. कोरड्या फरशीवर तो फार काळ तग धरत नाही.

अध्यापनातील उपयोग

श्रावणात नागपंचमीला जमीन नांगरू नये, खणू नये असा रिवाज आपल्या ग्रामीण समाजात आहे. त्यामागे श्रद्धा असली, तरी मातीखालीही जीव राहतात ही जाणीव त्यात आहे. हीच जाणीव अभ्यासाच्या मार्गाने जोपासण्याची संधी महाविद्यालयांना आहे. अनिषेकजनन शिकविताना मधमाशीचे उदाहरण दिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गाच्या खिडकीखालील कुंडीत पृष्ठवंशी प्राण्यांतील त्याचे दुर्मीळ उदाहरण नांदत असण्याचा पुष्कळ संभव असतो, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करण्याची तरतूद झाली आहे. त्याच धर्तीवर महाविद्यालयाच्या आवारातील नोंदवही ठेवणे कठीण नाही. प्राणिशास्त्र विभागाने वाळ्याच्या दर्शनाची तारीख, स्थळ व पाऊसमान नोंदवावे. भूगोल विभागाने माती व ओलावा यांची माहिती जोडावी. मराठी विभागाने परिसरातील बोलींतील या सापाची नावे व त्याविषयीच्या समजुती गोळा कराव्यात. यासाठी नमुने मारून बाटलीत ठेवण्याची गरज नाही; छायाचित्र आणि टिपण पुरेसे आहे. खर्च जवळजवळ शून्य असलेला हा उपक्रम विद्याशाखांतील भिंती ओलांडणाराही ठरेल.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. वाळ्याचे झाकलेले डोळे, घट्ट कवटी, एकसारखे खवले, अरुंद तोंड आणि नराचा अभाव ही सर्व लक्षणे सुटी सुटी पाहिल्यास उणिवा वाटतात. त्याच्या जीवनपद्धतीच्या संदर्भात एकत्र पाहिल्यास ती एकमेकांना पूरक ठरणारी साधने आहेत. प्राण्याचे मूल्यमापन आपल्या गरजांच्या मापाने न करता त्याच्या परिस्थितीच्या मापाने करावे, हे जीवशास्त्राचे मूलभूत सूत्र या लहान सापाच्या अभ्यासातून चांगल्या प्रकारे शिकविता येते.

त्याचबरोबर ओळखीचे ज्ञान हे दयेइतकेच संरक्षणाचेही साधन आहे. ज्याला वाळा नेमका ओळखता येतो, तो वाळ्याला मारणार नाही आणि फुरशाच्या पिल्लाला हातही लावणार नाही. पावसाळा दरवर्षी येतो आणि वाळाही दरवर्षी मोरीच्या वाटेने घरात येतो. त्या वेळी झाडू उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून त्याची मान, डोळे आणि शेपूट पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर या विषयाच्या अध्यापनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.